खंडेनवमीचा सर्व्हर

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी, आणि उन्मेष म्हणतो, "मॅडम, तुम्ही सुट्टी घ्या. पूजेचं आम्ही पाहून घेऊ." मालकाचा पुतण्या ना! गांधीबागेतल्या या कापडाच्या पेढीचे सगळे कॉम्प्युटर मी सांभाळते, पण पूजेला मी नको. दिवाळीनंतर तर मीच नको, अशी कुजबुज आहे. का? "काही बिघडतच नाही, मग पगार कशाचा?"

डबा खाताना यमुताईंजवळ मन मोकळं केलं. अकाउंट्समध्ये त्या एकट्याच माझ्या बाजूच्या. म्हटलं, एकदा चांगलं बिघडलं पाहिजे, तेव्हा कळेल यांना!

१ ऑक्टोबर

घरीच. माझ्या स्क्रूड्रायव्हरला हळद-कुंकू वाहिलं. झाली पूजा.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्यानंतर आज पेढी उघडली. सगळी बिलं आतल्या खोलीतल्या लिनक्स सर्व्हरवर — आणि एकाही विंडोज मशीनवर बिलांचं फोल्डर उघडेना. परवानगी नाही! मी पोचेपर्यंत उन्मेषनं निम्म्या लोकांचे पासवर्ड बदलून ठेवलेले. शहाणाच! वर "हे लिनक्सचं खटारं फेका" चालूच.

सर्व्हरवर झेंडूची माळ. त्याच्यावरची तारीख पाहिली तर कितीतरी वर्षं मागची! म्हणजे पूजेत कोणीतरी तो बंद केला. आतली घड्याळाची बॅटरी मेलेली, त्यामुळे बंद झाला की वेळ विसरला. आणि वेळ जुळली नाही की विंडोज त्याला ओळखच देत नाही. दरवर्षी घसा फोडून सांगते — माळ घाला, बटणाला हात लावू नका! वेळ लावली, बॅटरी बदलली, सगळं सुरू झालं. तोवर दुपार.

बंद कोणी केला? उन्मेषनंच, दुसरं कोण! सगळ्यांसमोर सुनावलं. "बंद दिसला म्हणून मी फक्त चालू केला," म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा!

७ ऑक्टोबर

मालकांनी, केशवरावांनी, बोलावलं. "ऐन सीझनमध्ये अर्धा दिवस बिलं बंद! बॅटरी पाहणं कोनाचं काम होतं? अन् वरून माह्या पुतण्यावर आळ घेऊन राहिल्या तुम्ही!" काम बाहेरच्या कंपनीला दिलं. उद्या येऊन सगळं सोपवून जा म्हणाले.

बॅटरीचं खरं आहे, माझंच काम. पण इतकी वर्षं काही बिघडू दिलं नाही, ते कोणाच्या तोंडून निघालं नाही. रडू आलं. त्यांच्यासमोर नाही रडले.

८ ऑक्टोबर

सगळे पासवर्ड लिहून दिले. उन्मेष "थँक्यू मॅडम" म्हणाला. एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

१० ऑक्टोबर

यमुताई घरी आल्या. दारातच रडायला लागल्या. "त्यानं नाही वं. पूजेच्या गडबडीत मीनंच बटन दाबलं. तूच तं म्हणे, एकदा बिघडलं पाहिजे. मले वाटलं, मंग तुही किंमत कळन त्याईले."