मी हाय घरी

आत्या, जानेवारीत आमचं अंदमानला जायचं चाललंय. तुम्ही असता तर पहिलं विचारलं असतं, "तिकडं कोन हाय आपलं?" कुणी नाही. नुसतं फिरायला. हे खूळ तुमच्या नातीचं. ती आता पुण्यात नोकरी करते आणि स्वभावानं थेट तुमच्यावर गेली आहे, एकदा मनात आलं की तेच. दिवाळीला आली तेव्हा तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. एक बाई पाण्यावर पालथी पडलेली, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि खाली निळे-पिवळे मासे. "आई, हे तुला करायचंय. स्नॉर्कलिंग म्हणतात याला. थंडीत तिकडचा समुद्र शांत असतो, पाणी कोमट, पार तळापर्यंत दिसतं. तू, मी आणि बाबा." मी म्हटलं, थंडीत कोण गावाला जातं? कांद्याची लागण तेव्हाच, उसाला तोड तेव्हाच, ऊस मोकळा झाला की बिबट्या गोठ्याशी घुटमळतो तोही तेव्हाच. ती म्हणाली, "सगळं जग थंडीतच जातं आई, आपल्यालाच पत्ता नाही."

हे गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी दोघी जावा. मी हाय घरी."

ते तुमचं वाक्य, आत्या. तुमच्याच आवाजात, शेवटी तसंच खाली उतरणारं. लेकीला त्यात काही वेगळं वाटलं नाही, पण माझा भाकरीचा हात थांबला. माझ्या माहेरी कुणाचं बारसं असो, यांच्या मित्राचं लग्न असो, आम्ही काही विचारायच्या आत तुम्ही म्हणायचात, "मी हाय घरी, तुमी जावा." गाय दावणीला असलेल्या घरातून सगळी माणसं एकदम बाहेर पडत नाहीत, धार दोन्ही वेळेला निघावीच लागते, हे मला तुमची सून होऊन या घरात आल्यावर कळलं. तुम्ही होता तोवर आम्ही दोघं निदान लग्नामांडवात जोडीनं बसलो. तुम्ही गेलात आणि ते संपलं. आता एक जातं, एक राहतं. माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात मी एकटीच आहेर घेऊन उभी होते आणि जो तो विचारत होता, दाजी कुठायत? घरच्या सत्यनारायणाचा सोडला तर आमचा दोघांचा अलीकडचा एक फोटो नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशीही धार काढायची होतीच. तुमची तांबडी माझ्या हाताला पान्हा सोडेना. मी कास धुतली, पाठीवरून हात फिरवला, तिनं सरळ लाथ मारून चरवी उडवली. शेवटी यांच्याच डोक्यात आलं. तुमचं दांडीवर वाळत घातलेलं लुगडं काढून मी अंगावर घेतलं आणि तुमच्यासारखीच न बोलता बसले. तरी दोन-तीन दिवस तिनं आखडूनच धरलं. मग एका सकाळी सोडलं एकदम, हात भरून. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र तिचा राग आला. इतक्यात विसरलीस, म्हटलं. आज दावणीला आहे ती तिची नात. रंग तोच, नावही तेच ठेवलंय, आणि खोडही तीच, माझ्या नाहीतर यांच्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही.

लेकीनं माझ्यासाठी समुद्र ठरवला, कारण मला पोहता येतं हे तिला ठाऊक आहे. आजीनं शिकवलं असं ती पुण्यात मैत्रिणींना सांगते, आणि त्यांना ती थाप वाटते. माझं माहेर शिक्रापूरचं, हायवेला लागून. दारातून ट्रक जायचे, पाणी पाहिलं ते नळाचं. लग्नानंतरची पहिली थंडी होती. तुम्ही भाकरी थापता थापता विचारलंत, "पवायला येतं का गं?" मी म्हटलं, न्हाई. "मग उद्यापासनं दुपारचं हिरीवर यायचं. गडी जेवून आडवं झालं की." मला वाटलं चेष्टा करताय. दुसऱ्या दिवशी तुम्ही खरोखर कासोटा घालून पायऱ्या उतरलात. माझ्या कमरेला बैलाचा कासरा बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलंत. पाणी उबदार होतं. "हिरीचं पानी थंडीतच ऊन असतं. म्हून थंडीत शिकायचं," म्हणालात. तुम्ही दौंडच्या, रेल्वेत गँगमन असलेल्या बापाच्या लेक, भीमेच्या पाण्यात भावांबरोबर वाढलेल्या. तुम्ही पाण्यात शिरलात की तुमचं वय कळायचं नाही.

मी पायरीला धरून बसले होते. तोंड पाण्यात घालायची माझी तयारी नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आत्या, लोक काय म्हणतील?" तेव्हा तुम्ही चिडलात. उभ्या आयुष्यात माझ्यावर तुम्ही फार वेळा चिडला नाहीत, म्हणून शब्द न् शब्द आठवतोय. "लोक काय म्हणत्यात ते मला ठावं हाय. बाई हिरीत दिसली की लोक एकच म्हणत्यात. ह्या आळीतल्या दोन सुना मी वर काढताना बघितल्यात. दोघींचा म्हनं पाय घसरला. माझ्या घरातली सून पडली, तर तिला वर येता आलं पायजे. पाय घसरून पडली तरी, आन् मनानं उडी घातली तरी. मधीच इचार बदलतो बाईचा. तवा हात मारता आला पायजे." एवढं बोलून तुम्ही कासरा नीट केलात आणि म्हणालात, "घाल तोंड. डोळं उघडं ठिव."

मी घातलं. हिरवा उजेड होता आणि त्यात सगळ्यात आधी दिसली ती तुमच्या पायांतली जोडवी. नव्या घरात मी किती घाबरून राहत होते ते मी कुणाला बोलले नव्हते. तुम्हाला ते कळलं होतं, आणि त्यावर तुम्ही मला चार गोड शब्द नाही दिलेत, पोहणं दिलंत. आत्या, त्या दिवसापासून मी तुमची झाले.

त्याच पायऱ्यांवर केस वाळवत बसलेलो असताना तुम्ही दौंडची गोष्ट सांगितली होती. तुमच्या भावानं थंडीत रामेश्वरची तिकिटं काढली होती, स्वतःबरोबर तुमची आणि मामंजींची. शेजारणीला धारेचं सांगून, नवं लुगडं नेसून, दशम्या बांधून तुम्ही न्हावऱ्यावरनं एसटीनं दौंडला गेलात. रामेश्वर म्हणजे चहूबाजूंनी समुद्र, तो भाऊ तुम्हाला डुंबायला लावणार होता. गाडी फलाटाला लागली आणि तुम्ही म्हणालात, "मी जाते घरी. गाय आडंल." मामंजी आणि भाऊ पुढं गेले. येताना मामंजींनी बाटलीत समुद्राचं पाणी आणलं. तुम्ही बोटावर घेऊन चाखलंत आणि थुंकून टाकलंत. मी हसत विचारलं, मग गाय अडली होती का? तुम्ही केस झटकले. "कुठली आडतीया. शेजारनीनं मस्त धार काढली. म्हून तर." तुमचं "म्हून तर" मला तेव्हा कळलं नाही.

तर आता काय झालं ते ऐका. लेकीनं कुरिअरनं ती काच आणि नळी पाठवली. फोनवर म्हणाली, "विहिरीत प्रॅक्टिस कर. नळीतून श्वास घ्यायचा आणि हात-पाय न मारता पडून राहायचं." मी गेल्या आठवड्यात एक दिवस चारच्या सुमारास, हे धारेला बसलेत असं बघून, तिचा जुना ड्रेस घालून विहिरीत उतरले. पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं. मग जमलं. पालथी पडून राहिले. मोटारीचा पाइप, त्याला घासत फिरणारे बारके मासे, कपारीतलं शेवाळ, सगळं काचेतून स्वच्छ दिसत होतं. कानात फक्त माझाच श्वास. मी कधी इतकी निवांत पडले असेन असं मला आठवत नाही.

तेवढ्यात पलीकडच्या रानातली चुलत जाऊ गवताचा भारा घेऊन काठावरून चालली होती. तिनं खाली पाहिलं. बाई पालथी, केस पसरलेले, हात सैल. तिनं भारा टाकला आणि जी हाळी दिली ती म्हणे पार डेअरीपर्यंत गेली. "पडली गं बाई! जाऊबाय पडली!" मला पाण्यात काहीच ऐकू आलं नाही. मला कळलं ते एकदम, कुणीतरी धाडकन वरून उडी मारली आणि माझे केस धरून मला उलटं केलं तेव्हा. हे होते, अंगावरच्या कपड्यांनिशी. मी नळी तोंडातून काढून म्हटलं, "अवो, काय झालं?" हे माझे केस सोडेनात. पायरीवर आणून बसवलं आणि स्वतः माझ्या खालच्या पायरीवर पाण्यात बसून राहिले. यांच्या हातांना अजून दुधाचा वास होता.

गोठ्यात गेलो तर चरवी उपडी, दूध पसरलेलं, तांबडी दावं ताणून उभी. मामंजी गेल्याचा निरोप आला तेव्हाही हा माणूस धार पुरी करून उठला होता. तो माणूस अर्धी धार टाकून पळाला होता. मी ते पसरलेलं दूध पाहिलं आणि मला रडू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

चहा घेताना जाऊ अजून रागातच होती. "अशी पालथी पडत्यात व्हय कुठं जित्ती मानसं?" मी तिला मोबाइलवर ती बाई आणि ते मासे दाखवले. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हितं हिरीत काय बेडकं बघत व्हतीस?" मग मात्र आम्ही दोघी हसून हसून लोळलो. हे हसले नाहीत. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तिकडं पान्यात एकट्याला सोडत्यात का?" मी सांगितलं, न्हाई. लेक म्हणते, तिकडं नियमच आहे, पाण्यात जोडीनंच उतरायचं. एकानं दुसऱ्यावर नजर ठेवायची. हे म्हणाले, "मग मी येतो. तू तिकडं अशी पडल्याली, आन् हितं माझ्यानं धार निघायची न्हाई." जाऊ लगेच म्हणाली, "जावा की दोघं. मी हाय घरी."

ते वाक्य पुन्हा घरात आलं, आत्या. फक्त या वेळी ते बाहेरून आलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र म्हटलं, "बघू." लेकीचा फोन आला, "बाबांचं काय ठरलं?" तिलाही म्हटलं, बघू. इतके दिवस सगळ्यांना सांगत होते, आमचे हे गाय सोडून हलत नाहीत, मी तर कधीची तयार आहे. आता ते तयार झाले तर माझीच पिशवी भरेना. बिबट्याचं काढलं, कांद्याचं काढलं. हे म्हणाले, "जाळी लावलीया, कांद्याला मानसं सांगितल्यात. तुझं काय हाय ते बोल." माझं काय आहे ते मला बोलता येईना, म्हणून हे लिहायला बसले. लिहून कुठं टाकणार, तेही माहीत नाही. गव्हाणीत ठेवलं तर तांबडी खाऊन टाकील, आणि तुमच्यापर्यंत पोचायला तीच वाट त्यातल्या त्यात जवळची वाटते.

तुम्ही फलाटावरून परत फिरलात. मी फिरणार नाही, आत्या. तुम्ही शिकवलेलं पोहणं आहे, ते एकदा खाऱ्या पाण्यात नेऊन आणते. आज सकाळी लेकीला कळवलं, दोघंही येतोय. आणि जावेला रोज धारेला बसवतेय, माझी रोजची साडी अंगावर घ्यायला लावून. पहिल्या दिवशी तांबडीनं पाय झाडले, दुसऱ्या दिवशी आखडलं. काल संध्याकाळी तिनं जावेच्या हाताला पान्हा सोडला, अगदी भरभरून. जाऊ खुलली, हे म्हणाले, चला, काळजी मिटली. मीही म्हटलं, ब्येस झालं. मग हंडा घ्यायच्या निमित्तानं विहिरीवर गेले आणि तोंडावर पाणी मारून घेतलं. तुमचं "म्हून तर" मला तिथं कळलं. दुसऱ्या कुणाला सांगू नका, पण तांबडीनं लाथ मारावी म्हणून मी वाट बघत होते.