परातीवर नाचणारी ती कोण

प्रिय तामू,

मी चार यत्ता शिकलेली, त्यातही अर्धा वेळ मार खाण्यात गेला. तेव्हा खाडाखोड चालवून घे. तुझे गुडघे कसे आहेत ते नंतर विचारते, आधी जे सांगायचंय ते सांगू दे, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

इथे आपल्या साफी शहरात जुन्या बाजारात इद्रीस म्हणून एकजण आहे. लोकांनी फेकलेल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी गोळा करतो, बुरशी पुसतो, चालल्या तर मोबाइलवर टाकतो. जग वेड्यासारखं बघतं. परवा मी मासळीच्या कारखान्यातून सार्डिनचा वास घेऊन आले, तर माझ्या लेकीनं, हादानं मोबाइल नाकासमोर धरला. "आई, बघ काय गातेय बाई! आणि हिला कुणी ओळखतच नाही गं."

तूच होतीस. हिरवा काफ्तान, परातीवर टाचा आपटत, मान अशी मागे टाकलेली. शेजारच्या बूशऐबांच्या घरचं लग्न. बापानं तुला घराबाहेर काढून सहा वर्षं झाली होती. माझ्या सासरी मी सांगून ठेवलं होतं, थोरली बहीण लहानपणीच तापानं गेली. लग्नांत पैसे घेऊन नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईची, शेखाची बहीण सून म्हणून कोण करून घेणार होतं?

एकेका पाहुण्याचं नाव गाण्यात गुंफत तू पुढे आलीस आणि माझ्याकडे बघून हसलीस. सासू म्हणाली, "तुला ओळखते की काय गं ही?" मी म्हणाले, "असल्या बाईला मी कशाला ओळखू? ही माझी कुणी असती तर विहीर जवळ केली असती मी."

डफांच्या गोंगाटात तुला ते ऐकू गेलं नाही. पण कॅमेरेवाला माझ्या खांद्याशी उभा होता, तामू. शब्द न् शब्द आलाय. हादा म्हणते, "कोण गं ही चढेल? आवाज अगदी तुझ्यासारखा." व्हिडिओखाली लोकांनी त्या बोलणाऱ्या बाईला ज्या शिव्या घातल्यात, त्या हादानं मला हसत हसत वाचून दाखवल्या. मी कांदा चिरत बसले.

त्या लग्नात मला वाटलं होतं, तू आता गाण्यात माझं नाव घेणार आणि माझा संसार बुडवणार. तू माझा चेहरा बघितलास, आणि नाव घेतलंस सासूचं. "जिच्या घरी अशी सून, तिला कशाची ददात?" सासू इतकी फुलली, की तेव्हापासून मला 'ए पोरी' सोडून रकुश म्हणायला लागली. आणि मी तुझे आभार मानायला कधी दारातही आले नाही.

काल इद्रीसकडे गेले होते. तुझ्यासाठी नाही, माझं वाक्य पुसायला सांगायला. खोटं कशाला बोलू? तो म्हणाला, "पुसतो मावशी, पण त्याच्याखाली तिची तान आहे, तीही जाईल." मी म्हणाले, राहू दे.

कासाब्लांकात तुझी नातवंडं आज ना उद्या तुला हे दाखवतील. "आजी, ही दुष्ट बाई कोण?" म्हणतील. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. इद्रीस गाणारीचं नाव विचारतोय. तू हो म्हणालीस तर सांगेन. तामू, गनबूर कुंभाराची थोरली. आणि ती बोलणारी कोण, तेही सांगेन. गनबूर कुंभाराची धाकटी.

तुझीच, म्हणायला तोंड नाही तरी तुझीच,
रकुश