रुखवतातल्या डब्यातली शिट्टी

३ जाने., कळंब
या घरात धातूचा एक मोकळा डबा मिळू नये! डाळ प्लास्टिकात, चहा प्लास्टिकात, साक्षात हिंगसुद्धा. कलियुग म्हणतात ते हेच. रिसीव्हर तपासायला सिग्नल जनरेटर, म्हणजे हवी तेवढी लहर सोडणारं यंत्र, करायला घेतलाय. त्याला धातूचं घर लागतं, नाहीतर रेडिओलहर चहूकडं गळते.
निमित्त अण्णांचं, माझ्या हॅम रेडिओच्या गुरूंचं. रोज सकाळी सातला अणदूरहून टिंब-रेघांचा मोर्स ठोकतात. महिना झाला, मला धड ऐकू येईना. काल फोनवर म्हणाले, "मास्तर, माझा सेट ठीक हाय. तुमचाच रिसीव्हर बहिरा झालाय. तपासा." वय ७८, शिष्याची गय नाही.

५ जाने.
सुमननं रुखवतातला स्टीलचा डबा काढून दिला. झाकणावर कोरलंय, चि. सौ. कां. सुमन. "भोकं पाडा, पण नावावर न्हाय."
तासभर सोल्डरिंग. स्टीलला डाग धरेचना. सुमन : "स्टीलला डाग लागत न्हाय, एवढं तर भांडी घासणारीलाबी ठावं असतंय!" शेवटी नटबोल्ट.

८ जाने.
चालला!! रिसीव्हरमधून खणखणीत शिट्टी. उठून नाचलो.
सुमन : "वरातीत एवढे नाचला न्हाय."

९ जाने.
परीक्षा. लहर पायरीपायरीनं बारीक करत गेलो. पाचव्या पायरीला शांतता. रिसीव्हर बहिरा, इति सिद्धम्.
इतक्यात सुमन चहा घेऊन आली. "अहो, ती शिट्टी बंद करा की. कान किटले."
"कुठली?"
"ही काय!"
रिसीव्हरच्या मीटरचा काटाही हललेला. तिला सातव्या पायरीपर्यंत ऐकू आली. सूर खर्जात उतरवला तेव्हा कुठं मला आली.
चहा गार.

१० जाने.
सूर खाली ठेवून सातला अण्णांना लावलं. आले! एकेक टिंब मोजता येईल असे. कळवलं, दोष सापडला. त्यांनी विचारलं, कुठं? मी : "डब्याबाहेर." पुढं विचारायच्या आत निरोप घेतला. दिवसभर खूश.

१२ जाने.
शाळेत आठवीच्या मुलींनी श्लोक म्हटला. मागच्या बाकावरच्या पोरीचे नुसते ओठ हलताना दिसले. "छान" म्हणालो. किती वर्षं असं छान म्हणतोय कोण जाणे. घरी सुमनच्या हाका मी मुद्दाम टाळतो, असं समजत होतो. उगाच श्रेय घेतलं.
कानाच्या डॉक्टरांकडं नंबर लावलेला नाही. घाबरलोय. सूर खाली तरी किती नेणार? एखाद्या सकाळी सातला काहीच ऐकू आलं नाही, तर अण्णा गेले की माझे कान, हे मला
कळणार नाही.