जंतू जगवण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
माननीय मलनिःसारण अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वसाहतीच्या सांडपाणी केंद्रातील मेलेल्या टाकीत जिवंत गाळ सोडण्यास तातडीने परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (उत्तर नाही).
२) अर्जदारास मिळालेली निलंबनाची नोटीस.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदार हा चारशे घरांच्या वसाहतीमागील सांडपाणी केंद्रात अकरा वर्षे चालक होता. केंद्राच्या मोठ्या टाकीत घाण खाणारे जंतू असतात; त्यांच्या थरालाच जिवंत गाळ म्हणतात. त्यांना खालून हवा द्यायची, उपाशी ठेवायचे नाही आणि एकदम जास्त घाणही लोटायची नाही, हेच चालकाचे काम. टाकी निरोगी असली की ओल्या मातीसारखा वास येतो. अर्जदाराची पत्नी म्हणत असे, "घरच्यांपेक्षा तुम्हाला त्या किड्यांचीच काळजी." तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

२. मागे वसाहतीत तापाची साथ आली. समितीच्या अध्यक्ष बाईंनी, चांगल्याच हेतूने, हातांसाठी, फरशीसाठी, भांड्यांसाठी, कपड्यांसाठी जंतुनाशक द्रव घरोघर वाटले. साथ ओसरली, सवय राहिली. चारशे मोऱ्यांतून ते सगळे टाकीत येऊ लागले. महिन्याभरात टाकीवर पांढरा फेस चढला, गाळ तळाशी बसेना आणि पाणी जसे आले तसेच मागच्या ओढ्यात जाऊ लागले. पुढे ओढ्यात मासे उलटे तरंगले. ते द्रवाने मेले की घाणीने, हे अर्जदार छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाण्याची तपासणी व्हावी एवढ्यासाठीच वरील तीन अर्ज होते.

३. अर्जदाराने अध्यक्ष बाईंना साधा साबण वापरण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "अहो, जंतू मारायलाच तर आणलंय! तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" अर्जदारास 'टाकीच्या बाजूचा' हे उत्तर घरी पोहोचल्यावर सुचले.

४. अर्जदाराची पत्नी त्याच वसाहतीत पाच घरची फरशी पुसते. "पाणी घालू नकोस, घट्टच वापर," असे तिला सांगितले जाई. तिच्या बोटांना भेगा पडल्या, मग कातडे सुटले. डॉक्टर बाईंनी हात पाहून विचारले, "घरात कोणी आजारी नसताना हे रोज कशाला? साध्या साबणाने भागतं. सारखा मारा केला तर कच्चे जंतू मरतात आणि निबर तेवढे उरण्याची भीती." आज तिची मूठ मिटत नाही. तिची वेणी अर्जदार घालतो. ती वाकडी येते.

५. गेल्या सोमवारी आपले निरीक्षक साहेब आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी टाकीला एक फेरी मारली आणि वास घालवण्यासाठी त्याच जंतुनाशकाचे बारा कॅन टाकीत ओतण्याचा हुकूम दिला. अर्जदार म्हणाला, "साहेब, उरलेसुरलेही जातील." याची नोंद 'आदेशाचा भंग' अशी झाली. अर्जदारास फाटकाबाहेर काढून ते कॅन पहारेकऱ्याकडून ओतवण्यात आले. तिसऱ्या दिवशी टाकी काळी पडली. निरीक्षक साहेबांच्या अहवालात मात्र 'दुर्गंधी अर्जदाराच्या हलगर्जीपणामुळे' असे आहे.

६. शेजारच्या गावच्या केंद्रचालकाने आपल्या टाकीतला सहा पिंपे जिवंत गाळ देऊ केला आहे. तो वस्तीतून आणण्यास आपली सही लागते. तरी वाहतुकीची परवानगी द्यावी, आणि टाकी सावरेपर्यंत ज्या घरात आजारी माणूस नाही तिथे साधा साबणच वापरावा, असे पत्र समितीस पाठवावे. नाहीतर नवे आलेलेही मरतील. अर्जदाराच्या नोकरीचा निर्णय आपण सावकाश घ्यावा, त्याची घाई नाही. टाकी कोणीही चालवावी, फक्त ती चालावी.

७. पिंपे उद्या सकाळी भरली जातील. अर्जावर सात दिवसांत विचार होईल असे खिडकीवर सांगण्यात आले. सात दिवस अर्जदार थांबेल. बंद पिंपातला गाळ हवेवाचून एक दिवसही थांबत नाही.

आपल्या सहीसाठी जिन्यात बसून असलेला,
आपला नम्र,
(सही)
निलंबित केंद्रचालक
दिनांक : १४, गुरुवार

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) डॉक्टर बाईंची चिठ्ठी. ३) टाकीच्या पाण्याची बाटली (कृपया खोलीत उघडू नये).