बाहीवरचं ठिगळ

आरे, ता. ८ डिसेंबर २०२४

सौ. जनीवन्सं यांस गंगूचा स. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. तुमच्या दादांना जाऊन शिमग्याला वर्ष होईल. थंडी पडली तशी घरापुढच्या खळ्यात पाखरं यायला लागली. तुमचे दादा हातावर पपई घेऊन बसायचे, तो बुलबुल आठवतो ना? आता माझ्याही हातावर येतो. डाव्या हातात पपई आणि उजव्यात मोबाईल धरून फोटो काढला. रत्नागिरीच्या स्टुडिओतून कागदावर काढून आणला, तो सोबत आहे. वाचनालयातून पाखरांचं पुस्तकही आणलंय. शाळेत न जाता शिकलेली अक्षरं आता सोबतीला आहेत.

माया आहे तशीच राहू द्या.
गंगू

चिपळूण, ता. १६ डिसेंबर

ती. गं. भा. गंगूवहिनींस जनीचा सा. न. वि. वि.

फोटो बघून हर्षद म्हणाला, मामी आता लग्नाच्या ऑर्डरी घेणार. मी हसले आणि चष्मा लावला. बुलबुल झकास आहे. पण वहिनी, तो ज्या निळ्या बाहीवर बसलाय, तिला मनगटाशी हिरव्या चौकड्यांचं ठिगळ आहे. दादाचा सदरा गडग्याच्या दगडाला अडकून फाटला, तेव्हा ते मीच लावलं होतं, माझ्या परकराचं.

तेराव्यानंतर गोधडीत घालायला मी तो एकच सदरा मागितला होता. सगळे कपडे बागेतल्या काशीरामला दिले, असं तुम्ही सांगितलंत. नको म्हणाला असतात तर मी काय भांडले असते? थोडी भांडले असते. आता खरं काय ते लिहा.

तुमच्यावर रुसलेली, तरी तुमचीच,
जनी

आरे, ता. २१ डिसेंबर

सौ. जनीवन्सं यांस स. न. वि. वि.

मी खोटं बोलले. तुम्ही त्याला कात्री लावणार, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. मग थंडीत पाखरं आली, ती माझी साडी बघून गडग्यावरच बसायची. एक दिवस सदरा अंगात घातला आणि बुलबुल सरळ हातावर आला. तेव्हापासून रोज सकाळी घालते. त्याला वाटत असेल, तेच आलेत. तो बसला की आधी बरं वाटतं, मग मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्हाला फसवलं ते फसवलंच, त्या एवढ्याशा जिवालाही रोज फसवते आहे.

हर्षद नाताळात गणपतीपुळ्याला येणार आहे, त्याच्याकडे सदरा देते. धुतलेला नाही. माझ्याआधी ते तुमचे होते, हे मी विसरले.

जमलं तर पदरात घ्या.
गंगू

चिपळूण, ता. ५ जानेवारी २०२५

ती. गं. भा. गंगूवहिनींस सा. न. वि. वि.

सदरा पोचला. काही दिवस उशाशी ठेवला, मग कात्री लावली. गोधडी शिमग्यापर्यंत होईल. खोटं बोललात ते मी विसरणार नाही, येईन तेव्हा तोंडावर बोलून दाखवीन.

डावी बाही मात्र परत पाठवते आहे. वरच्या टोकाला नाडी ओवली आहे, दंडावर बांधा. ठिगळ सुटत होतं, ते पुन्हा शिवलंय. बुलबुलाला दादा तेवढाच लागतो. आणि फसवणुकीचं म्हणाल, तर आता मीही तुमच्यात आहे.

फोटो पाठवा. ठिगळ दिसेल असा काढा.

तुमची,
जनी