चाचणी करून पाहिली आहे

धुळे, ५ एप्रिल १९९९
मुख्याध्यापक सरांनी बोलावलं. आत संस्थेच्या चेअरमनसाहेबांचा पुतण्या. इंटरनेटची एजन्सी त्याची. आमच्या घरी महिनाभर फुकट लाइन का दिली, ते आज कळलं. जाहिरातीच्या पत्रकात माझं नाव हवंय : 'विज्ञानाच्या शिक्षिकेने चाचणी करून पाहिली आहे.' म्हटलं, ‘मग आधी करू तर द्या!’ सगळे हसले. मीही. जूनमध्ये नोकरीची कायम ऑर्डर निघायचीय, हसावंच लागतं.

६ एप्रिल
खेळाच्या खोलीतलं स्टॉपवॉच घरी आणलं. पत्रकातल्या वेगाने फाइल अडीच मिनिटांत उतरायला हवी. लागली साडेसहा. बटण उशिरा दाबलं असेल? पण चार मिनिटं उशिरा कोण दाबतं!

७ एप्रिल
दोष आपल्याच घरात निघावा असं फार वाटत होतं. स्वयंपाकघरातला जोडफोन काढला, वायर बदलली. पहाटे पाच मिनिटं, दुपारी-संध्याकाळी सहाच्या वर; सगळं वहीत मांडलं. हे म्हणाले, ‘लिहून दे की. कोण मोजायला बसलंय?’
मी बसलेय ना. उत्तर आधी लिहून आकडे मागून बसवणाऱ्या पोरांना प्रयोगवहीत शून्य देते मी.

९ एप्रिल
पुतण्याला आकडे दाखवले. गोड हसला. ‘मॅडम, एवढं कोण बघतं? काका म्हणत होते, जूनच्या ऑर्डरी अजून टाइप व्हायच्यात.’
हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. वाघ म्हटलं तरी खाणार, वाघोबा म्हटलं तरी. भीती वाटतेय. खूप.

१२ एप्रिल
पेपरात घडी घालून पत्रक आलं. माझं नाव, खाली ते वाक्य. विचारलंसुद्धा नाही. शिक्षकखोलीत अभिनंदन. चहा तसाच ठेवून वर्गावर गेले.

१३ एप्रिल
शेजारचे आबा आले. एस.टी.तून रिटायर, मुलगा-नातू मस्कतला, कॉम्प्युटर मुलानेच घेऊन दिलेला. ‘बाई, तुमनं नाव देखीसन पैसा भरी उनू. नातना फोटो येवाव शे. तुम्ही मोजेल शे ना बठ्ठं?’
माझ्या नावावर पैसे भरून आले, सगळं मोजलंय ना विचारताहेत. ‘मोजलंय,’ म्हटलं. खोटं नाही. म्हणूनच जास्त लागतंय. जाताना चार कैऱ्या ठेवून गेले.

१६ एप्रिल
आबांची लाइन लागली. कौतुकाने मला बोलावलं. फोटो वरून हळूहळू उतरत होता. केस, कपाळ, एक भुवई... लाइन तुटली. पुन्हा लावली. पुन्हा कपाळापर्यंतच. आबा आपल्याच घरच्या वायरीला दोष देत माझी समजूत घालायला लागले, ‘जाऊ द्या बाई, मनाच घरनी वायर जुनी व्हई.’
म्हटलं, ‘आबा, उद्या सकाळी वही घेऊन येते.’
‘कसानी वही?’
‘मोजल्याची.’
बोलून बसले. आबांच्या पोटात काही राहत नाही, आत्ताच ओट्यावर कुणाला तरी सांगताहेत, मास्तरीणबाई उद्या वही आणणार म्हणून. शब्द इथपर्यंत ऐकू येताहेत. हे अजून घरी यायचेत. यांना काय सांगू, जूनची ऑर्डर गेली म्हणून?