तोट्याची बिलबुकं

१ मार्च

पगाराची चिठ्ठी हातात आली — तिसरा हिस्सा गायब! वाटलं, चूक झाली असेल. पगार-क्लार्कने आवाज खाली केला, "चूक नाही. कर खात्याचा आदेश आलाय. तुमची थकबाकी फिटेपर्यंत दर महिन्याला कापायचेत." मागे रांगेत सगळ्यांचे कान टवकारलेले.

रंगाचं दुकान नवऱ्याचं, कागदोपत्री मालकीण मी. 'इथे सही कर,' म्हणाला की करायची. दुकान बुडालं, पाठोपाठ संसारही. तो सोडून गेला त्याला वर्ष झालं. कर भरत नव्हता हे आज कळतंय. तेही क्लार्ककडून!

२ मार्च

कारखान्यात यंत्रावर चष्म्याच्या काचा घासते; आज तीन फोडल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. सुपरवायझर काही बोलला नाही — म्हणजे त्यालाही कळलंय.

५ मार्च

रजा टाकून कर कार्यालयात गेले. अधिकारी बाई सर्दीने बेजार. म्हटलं, आता झाडणार! तर म्हणाल्या, "आधी बसा. तीन वर्षं विवरणपत्रच भरलेलं नाही, म्हणून आम्ही अंदाजाने कर लावलाय. खरे हिशेब आणा, फेरविचार होईल. महिनाभर आहे तुमच्याकडे."

खरे हिशेब! ते त्याच्याकडे. मन घट्ट करून फोन केला. "रद्दीत गेलं सगळं," म्हणाला आणि ठेवून दिला.

११ मार्च

धाकटी नणंद आली! वर्षभरात एक फोन नाही. भावाच्या घरी राहते, म्हणजे त्याच्याच बाजूची, असं मी धरून चालले होते. आल्या आल्या दोन पिशव्या खाली ठेवल्या. दुकानाची बिलबुकं!

"माळ्यावर होती, वहिनी. दादा खोटं बोलला."

"मग इतके दिवस आली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने येणार होते?"

मी उठून चहा ठेवला.

१८ मार्च

रोज संध्याकाळी बिलं पसरून बसतो. ती वाचते, मी लिहिते. निम्मी उधारी त्याच्या मित्रांची — एक पैसा वसूल नाही. नणंद म्हणाली, "हे दुकान नव्हतं गं, धर्मशाळा होती!" हसून हसून पोट दुखलं. किती महिन्यांनी!

२ एप्रिल

सगळं दाखल केलं. बाईंनी पानं उलटली. "अहो, हा तर निव्वळ तोटा आहे!"

तोटा ऐकून इतका आनंद कुणाला झाला असेल? निकाल लागेपर्यंत कपात चालूच राहील, म्हणाल्या. राहू दे.

२४ एप्रिल

आदेश मागे घेतला! उशिराचा दंड तेवढा भरायचा, आणि तो कापलेल्या पैशांतूनच वळता होणार. क्लार्कने माझ्या यंत्रापाशी येऊन सांगितलं — या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

नणंदेला फोन केला. उचलला नाही.

२५ एप्रिल

सकाळी दार वाजलं. नणंद, दोन बॅगा घेऊन. बिलबुकं कुणी नेली ते दादाला कळलं. "आठवडाभरच राहीन, वहिनी."

दुपारी बाजारात जाऊन घराची दुसरी किल्ली करून आणली.